शिंप्याचे तीन जबाब

ती घटना आजही आठवते, आणि ती विसरता आली असती तर बरे झाले असते, असेही वाटते. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षे झाली असतील. वणीच्या पुढे, आज ज्याला झरी जामणी तालुका म्हणतात त्या जंगलपट्टीतल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. वय तिशीच्या आत, अंगात रग, आणि आपल्याला माणूस बरोबर ओळखता येतो हा ठाम समज.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका गावचे पोलीस पाटील आणि कोतवाल एका शिंप्याला घेऊन ठाण्यात आले. चाळिशीचा माणूस. कपाळावर जखम, सदऱ्यावर रक्त वाळलेले. पहाटे तो आडरस्त्याला एकटाच भटकताना सापडला होता. आदल्या दिवशी तो आणि त्याचा साळा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एकाच सायकलवर बाजाराला गेले होते. साळा आणि सायकल, दोन्हींचा पत्ता नव्हता. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि शिंप्याला दवाखान्यात पाठवले. तिथे तीन टाके पडले. माणूस बोलतो-चालतो आहे, जबाब घेण्यास हरकत नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले.

दुपारी खबर आली. बाजारात पानाचे दुकान चालवणारा आमचा खबऱ्या सांगू लागला, "साहेब, दोघाईचं काल बजारात लई वाजलं. साळ्याची सोयरीक यानं मोडली म्हने. साळा म्हने, तुह्यं तोंड पाहनार नाही."

झाले! भांडण, रक्त आणि बेपत्ता माणूस. माझ्या डोक्यात खुनाचा गुन्हा उभा राहिला, आता फक्त प्रेत हवे होते. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण आरोपीने जागा सांगितली आणि तिथे प्रेत निघाले तर तेवढे चालते. हे कलम मला तोंडपाठ होते.

पहिल्या जबाबात शिंपी म्हणाला, "आम्ही कळंबले गेलतो जी, चिंतामणीच्या दर्शनाले." कळंब कुठे आणि आमचे ठाणे कुठे! दुसऱ्या जबाबात साळा घरी जेवून झोपला होता. आम्हाला शिकवलेला नियम सोपा होता : जबाब तीनदा घ्या, तीनदा बदलला तर माणूस खोटा. मी त्याच्या कानाखाली दोन लगावल्या. टाके घातलेल्या डोक्यावर. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे.

तिसऱ्यांदा मीच विचारले, "विहिरीत ढकललंस ना त्याला?"

"हो जी."

"कोणत्या विहिरीत?"

"लोखंडी रहाटाची हाय. बाजूले निंबाचं झाड. मांगं टिनाचं शेड."

मी खूश झालो. खोटे बोलणारा इतके बारीक सांगत नाही, असे हवालदाराला ऐकवलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही गळ टाकून आसपासच्या गावांच्या विहिरी धुंडाळू लागलो.

शिंप्याची बायको ठाण्याच्या दारात बसून होती. नवरा कोठडीत आणि पाठचा भाऊ बेपत्ता. कुणासाठी रडावे हेही तिला कळत नसेल. मी जीपकडे निघालो तशी ती आडवी आली.

"साहेब, यायचं डोकं ठिकानावर नाही जी. मले आक्का म्हनून हाका मारून राह्यले. यायची आक्का मरून दहा वर्सं झाली."

"नाटक करतोय तो."

"कायले करन नाटक? बजाराच्या वाटेवर तो नाल्याचा उतार हाय ना, तिकडं पाहा ना एकदा. माहा भाऊ तिकडंच असन."

"आम्हाला तपास शिकवू नकोस," मी म्हणालो आणि विहिरींकडे गेलो.

दीड दिवस असाच गेला. बाजारानंतरच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी रिकाम्या हाताने परतलो आणि समोर दिसलेल्या बाकावर अंग टाकले. जबाबाच्या वेळी शिंप्याला याच बाकावर बसवले होते. पाणी मागितले. शिपाई मागच्या अंगणात गेला, आणि खिडकीतून मला तो पाणी ओढताना दिसला. लोखंडी रहाट. बाजूला कडुनिंब. मागे मुद्देमाल ठेवायचे टिनाचे शेड.

मी भिंतीकडे पाहिले. तिथे कॅलेंडर होते, कळंबच्या चिंतामणीचे.

त्या माणसाने डोळ्यांपुढे जे होते तेच मला सांगितले होते. आणि विहीर हा शब्द तर माझाच होता.

पाणी न पिताच आम्ही उताराकडे निघालो. झुडपांत सायकल सापडली, पुढचे चाक पार वाकलेले. तिथून वीसेक हातांवर नाल्यातल्या डबक्याशी साळा पडला होता. मांडी मोडलेली. उपरणे फाडून त्याने पायाला काठी बांधून घेतली होती आणि पाण्यापर्यंत सरपटत आला होता. डॉक्टर म्हणाले, जीव बहुधा आज सकाळी गेला असावा. बहिणीने सांगितले तेव्हाच गेलो असतो, तर तो पोरगा जिवंत हाती लागला असता.

पुढे यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरांना मी विचारले, हा माणूस खोटे का बोलला? ते म्हणाले, "खोटं बोलला नाही. कवटी शाबूत राहिली तरी आतला मेंदू हादरतो. पडून हादरतो, काठीने हादरतो, जोरदार थपडेनेही. मग मधल्या आठवणीच पुसल्या जातात. ती रिकामी जागा मन जवळ सापडेल त्याने भरून काढतं, आणि त्या माणसाला ते खरंच वाटतं. खोटारड्याला खरं काय ते ठाऊक असतं. याच्याजवळ खरं उरलंच नव्हतं." थपडेचे ते सहज बोलले. माझ्या दोन थपडा त्यांना ठाऊक नव्हत्या.

अकस्मात मृत्यू म्हणून कागद बंद झाले. मला कुणी जाब विचारला नाही. शिंपी सुटला, पण पहिल्यासारखा झाला नाही. माप घेऊन लगेच विसरे, बाह्या उलट्या कापी, एकाएकी भडकून कात्री फेकून मारी. पाच-सहा महिन्यांनी त्याची बायको ठाण्यात आली.

"साहेब, हे गावभर सांगत फिरतात, साळ्याले मी विहिरीत ढकललं म्हनून. लोक पोराईले खुन्याचे पोरं म्हनून राह्यले. तुम्हीच घातलं ते यायच्या डोक्यात. आता तुम्हीच काढा."

मी त्यांच्या घरी गेलो. तो बंद मशीनपुढे बसला होता. मी त्याचा हात धरून सावकाश समजावले, सायकल उतारावर पडली, तुझा काही दोष नाही, तू कुणाला ढकलले नाहीस. त्याने सगळे नीट ऐकून घेतले. "हो जी," म्हणाला. त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर जरा आशा दिसली.

मग तो माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही भले मानूस दिसता, म्हनून सांगतो. साळ्याले म्या विहिरीत ढकललं. मले धरून न्या."

बायको तोंडाला पदर लावून आत गेली.

त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत डोक्याला मार लागलेल्या माणसाचा जबाब मी घाईने घेतला नाही. आधी त्याच्या घरच्यांना विचारले, हा नेहमी असाच वागतो का? कुणाच्या तोंडी माझा शब्द घातला नाही, की कुणाच्या डोक्याला हात लावला नाही. नव्या फौजदारांनाही तेच सांगत आलो. ते मन लावून ऐकत, काहीजण वहीत लिहून घेत. पण साळ्याचा जीव त्या शिंप्याने घेतलेला नाही, हे शिंप्याला पटवून देणे काही मला जमले नाही. तो गेला तोही स्वतःला खुनी समजूनच.