धाकट्या जावेची तपासणी

आमचे हे शाळा-तपासनीस. बंगालातल्या कृष्णनगरपासून पार नदीकाठच्या खेड्यांपर्यंत कधी पालखीतून, कधी होडीतून हिंडायचे. गरीब भटाचा पोर, दुसऱ्यांच्या ओसरीवर शिकून सरकारी नोकरीत चढलेला. ताठा तर विचारू नका! गावोगावचे पंडित-मास्तर रोहू मासा शिजवून वाट बघायचे आणि हे महाशय स्वतःच्या गाठोड्यातले मुरमुरे चावत बसायचे. मिंधेपणा नको म्हणे.

आमच्याच अंगणातल्या चंडीमंडपात, म्हणजे देवीच्या उघड्या मंडपात, माझी विधवा धाकटी जाऊ मुलींना शिकवायची. वरून हुकूम आला: तपासनिसाने शिकवणं स्वतः ऐकावं, नाहीतर शाळा बंद. शाळा बंद म्हणजे तिची रवानगी काशीला. सासूबाईंनी बोचकंसुद्धा बांधून ठेवलं होतं.

आली का पंचाईत! आमच्यात थोरल्या दिराला धाकट्या भावजयीचं तोंड दिसू नये, आवाजही ऐकू जाऊ नये.

"छान शिकवते हो ती! लिहून टाका," मी म्हटलं.

"न ऐकता लिहू? आजवर लिहिलंय कधी?"

"मग दुसऱ्या कुणाला बोलवा."

"गोरा साहेब येईल. त्याच्यासमोर उभी राहील ती?"

"मग बसा तुमचा ताठा कवटाळून, अन् पाठवा बिचारीला काशीला!" मी तणतणले.

तपासणीच्या दिवशी हे मंडपाच्या पायरीवर पाठ करून बसले. आत जाऊ पदर ओढून खांबाआड सरकलेली, मुली तिच्या तोंडाकडे बघतायत, कुंपणाशी गाव जमलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ह्यांनी घसा खाकरला. "पंडितमोशाय, त्रैराशिक घ्या."

पंडितमोशाय! गावोगावच्या मास्तरांना मारतात तीच हाक. सासूबाईंची जपमाळ थांबली. पण पंडिताशी बोलायला कसली आलीय बंदी?

जाऊ आधी पुटपुटली. मग एका मुलीने गुणाकार चुकवला आणि बाई भानच विसरल्या. "अगं, डोकं घरी ठेवून आलीस का?" सारा मंडप दणाणला. ह्यांची पाठ हसून हलताना मी पाहिली.

"शाळा चालू राहील," हे म्हणाले. हुश्श! माझा जीव भांड्यात पडला.

मग टाक दौतीत बुडवून, मागे न वळता ह्यांनी विचारलं, "पंडितमोशाय, आपलं नाव?"

इतकी वर्षं एका घरात, आणि ह्यांना खरंच ठाऊक नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून तिला नावाने हाक मारलीच कुणी होती?

तिने मान वर केली आणि कुंपणापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, "क्षीरोदासुंदरी देवी."

मी तिथेच रडले. लाज कसली त्यात!