चारचौघांत न घ्यायचं नाव

माझा वरचा पुढचा दात नाही. कुणी विचारलं तर मी सांगतो, कुवेतला असताना पडलो. खोटं सांगतो. पडलो नाही, पाडला, आणि तोही एका सहा वर्षांच्या मुलीचं नाव मोठ्याने वाचलं म्हणून. त्या मुलीला मी कधी पाहिलं नाही. ती पेशावरच्या पलीकडे कुठेतरी डोंगरांत होती आणि तिचा बाप आमच्याबरोबर वाळूत घरं बांधत होता. या लिखाणात मी कुणाचंच नाव घेणार नाही. तिचं घेईन, पण तिच्या बापाने ते घेतलं तिथे आलो की मगच. तोवर एवढंच सांगतो, की पश्तूत त्या नावाचा अर्थ हिरवी.

मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. कुवेत शहराभोवतीची जुनी मातीची भिंत सत्तावन साली पाडली, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तिथे गेलो. एका बांधकाम ठेकेदाराकडे टाइमकीपर म्हणून लागलो. आमचं काम शहराबाहेर रुमैथियात होतं, आणि तिथे तेव्हा काही नव्हतं. चुन्याने आखलेले प्लॉट, पाण्याच्या टाक्या आणि आमच्या लाकडी बराकी. मजूर बहुतेक पठाण. मला मदरशातली उर्दू चांगली यायची, म्हणून शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मेसमध्ये बसून मी त्यांची पत्रं वाचायचो आणि उत्तरं लिहून द्यायचो. सगळे मला मुन्शी म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? चाळीस दांडगे पुरुष गप्प बसून माझ्या तोंडाकडे बघतायत, हे गावात माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

पत्रं बहुतेक मारामारीचीच असायची. अमक्याला ओढ्यात गाठून गोळी घातली. तमक्याच्या बैलाच्या पायाच्या शिरा कापल्या. कुणाचं शेत जाळलं, कुणाचा हात तोडला. आणि शेवटी नेमाने एक ओळ, बाकी सब खैरियत है. पहिल्या पहिल्यांदा मला हसू यायचं, मग सवय झाली.

आमचा मुकादम त्यांच्यातलाच. सगळे त्याला खान म्हणायचे. चाळिशी उलटलेला, दाढीला मेंदी, उजव्या कानाची पाळी गोळीने उडवलेली. त्याच गँगमध्ये त्याचा एक चुलतभाऊ गवंडी होता. त्यांच्या बोलीत चुलतभाऊ आणि वैरी यांना एकच शब्द आहे, यावरून काय ते समजा. खानचा बाप गवंड्याच्या घराने मारला होता. मग यांनी त्यांचा एक मारला, त्यांनी यांचे दोन मारले, आणि त्या हिवाळ्यात खानच्या उरलेल्या एकुलत्या भावाने गवंड्याच्या थोरल्या भावाला मारलं. पण परमुलखात रक्त सांडायचं नाही असं दोघांनी कबूल केलं होतं. म्हणून ते एकाच मेसमध्ये जेवायचे, एकमेकांकडे पाठ करून.

एका शुक्रवारी खानला पत्र आलं. गावच्या मौलवीने लिहिलं होतं. जिरगा, म्हणजे त्यांची पंचायत, बसली होती. तिने ठरवलं की शेवटचा खून खानच्या घराकडून झालाय, तेव्हा या घराने त्या घराला एक मुलगी द्यावी. ती तिथेच वाढेल, मोठी झाली की मेलेल्याच्या मुलाची बायको होईल, आणि वैर संपेल. बापाचा होकार तेवढा कळवा. कुठली मुलगी याचा घोळ नको म्हणून मौलवीने तिचं नाव लिहिलं होतं. मी आपला घोडा दामटावा तसा वाचत सुटलो होतो. नावासकट वाचून मोकळा झालो.

मेसमध्ये भांड्याचा आवाजसुद्धा बंद झाला. मला वाटलं, पंचायतीचा निकाल ऐकून गप्प झालेत. तेवढ्यात गवंड्याने कोपऱ्यातून ते नाव पुन्हा उच्चारलं. एकदाच, सावकाश, स्वतःच्या घरातली वस्तू मागावी तसं. पुढचं मी नीट पाहिलंच नाही, कारण खानने पाण्याचा जग उचलून पहिला माझ्याच तोंडावर हाणला. ते नाव ज्या तोंडातून निघालं ते आधी फोडायचं, असा त्याचा हिशेब असावा. मी खाली पडलो आणि तो माझ्या अंगावरून पलीकडे गेला. दाराशी पहार टेकवलेली होती. तिचा एक घाव गवंड्याच्या कोपरावर बसला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मी जमिनीवरून ऐकला. दहा-बारा जणांनी खानला धरलं, तरी त्याने दोघांची डोकी फोडली. डाळीच्या पातेल्यात रक्त उडालं होतं. मी ओठ धरून रांगत माझा दात शोधत होतो, आणि तो काही सापडला नाही.

माझी बाजू कुणीच घेतली नाही. म्हातारा स्वयंपाकी, तोही पठाण, माझ्या तोंडात मीठ भरताना म्हणाला, "जिवंत आहेस, शुक्र कर. घरातल्या बाईचं नाव परक्या पुरुषांसमोर घेत नाहीत. बापही घेत नाही. काळ्या डोक्याची म्हणायचं आणि पुढे जायचं." मला काय माहीत? आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. माझी आई बापूस मेल्यावरसुद्धा त्याला "हे" म्हणायची. यांच्यात सगळं उलट. मी चार दिवस पेज पीत होतो आणि मनातल्या मनात खानच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो.

पुढच्या शुक्रवारी तो माझ्या हजेरीच्या खोपटात आला. शर्कच्या मासळीबाजारातून आणलेला एक मोठा हमूर ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याने माझ्या टेबलावर ठेवला. चुकलं वगैरे काही म्हणाला नाही. समोर उकिडवा बसला.

"लिही, मुन्शी. लिही, दिली."

आमचं बोलणं हिंदीत चालायचं, तोडकंमोडकं. मी म्हटलं, "कोणती दिली? नाव लिहावं लागेल."

त्याने उठून खोपटाचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "तू एकदा वाचलंस ते. त्याचा अर्थ माहीत आहे तुला? हिरवी. कोंब फुटलेलं शेत असतं ना, तशी."

आणि त्याने मला ते नाव कुठून आलं ते सांगितलं. त्याच्या बापाला गव्हाच्या शेतात मारलं होतं. त्याला पाच गोळ्या लागल्या होत्या, तरी तो बांधापर्यंत सरपटत आला होता, आणि त्याच्या अंगाखाली ओंब्या चिरडून काळ्या पडल्या होत्या. बदला घेतल्याशिवाय ते शेत नांगरायचं नाही अशी घराने शपथ घेतली. जमीन तशीच पडली. पण सांडलेले दाणे कुणाच्या शपथा पाळतात? पुढच्या वर्षी एका सकाळी ते शेत आपलं आपण उगवलेलं दिसलं. त्याच सकाळी खानच्या बायकोची सुटका झाली. बाहेर पुरुष बंदुका भरून बसले होते, मुलगा झाला की हवेत बार काढायचे, बदला घेणारा आला म्हणून. आतून निरोप आला, मुलगी. सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या आणि उठू लागले. तेव्हा खानची आई, जिचा नवरा त्या शेतात मेला होता, ती बाहेर आली. तिने लेकाच्या हातातली बंदूक हिसकावून घेतली आणि स्वतः बार काढला. तिने जन्मात बंदूक धरलेली नव्हती. धक्क्याने तिचा खांदा निखळला. मग शेताकडे बघून तिने नातीचं नाव ठेवलं.

"असं नाव," खान म्हणाला. "लिही, दिली."

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "अरे, तुझ्या आईने जिच्यासाठी खांदा मोडून घेतला ती तू त्यांना द्यायला निघालास? सिमेंटची गोणी आहे का ती? खून केला तुझ्या भावाने, भोगायचं पोरीने?"

त्याने माझी कॉलर धरून मला टेबलावरून ओढलं. पण मीही थांबलो नाही. जे कुणाला सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. आमच्या गावात मासेमारीचं जाळं लावायच्या जागेवरून दोन घरांत मारामारी झाली होती. माझ्या बापाने समोरच्याचं डोकं फोडलं, तो माणूस आंधळा झाला. जमातीने मिटवामिटव केली, त्या घरात सोयरीक करा म्हणाले. माझी धाकटी बहीण दिली. चौदा वर्षांची होती. मी सतरा वर्षांचा होतो आणि त्या लग्नात पोटभर जेवलो होतो. दोनदा ती माहेरी आली. एकदा हात भाजलेला होता, एकदा मनगट मोडलेलं. दोन्ही वेळा मीच तिला परत पोचवून आलो.

"मग?" खानने विचारलं.

"मग विहीर," मी म्हटलं.

त्याने कॉलर सोडली. हमूरवरचं सरकलेलं गोणपाट नीट केलं. मला वाटलं, मन वळलं. पण तो म्हणाला, "माझा एकच भाऊ उरलाय, मुन्शी. लिही, दिली." त्याला वाचता येत नव्हतं. कागदावर त्याने अंगठा उठवला आणि निघून गेला. अंगठ्याच्या वर मी लिहिलं, नाही दिली.

मी इतक्या रागाने दुसरं काही लिहिलेलं नाही. पाकीट बंद केलं आणि त्याच संध्याकाळी पोस्टात टाकलं.

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. खानला वाटत होतं, वैर मिटलं. मेसमध्ये तो आता गवंड्याकडे तोंड करून बसू लागला. गवंड्याचा हात वाकडाच जुळला होता, तर त्याची रोटी खान तोडून द्यायचा. दोघं फारसे बोलायचे नाहीत, पण एकाच ताटात जेवायचे. मी माझं ताट घेऊन बाहेर जाऊन बसायचो. शंभरदा वाटलं, सांगून टाकावं. माझी हिंमत झाली नाही.

मग पत्र आलं. मी ते आधी मनात वाचलं. मला खोटं वाचता आलं असतं. खान समोर बसला होता, त्याच्या शेजारी गवंडी, आणि भोवती सगळी मेस. पण एकदा लिहिण्यात खोटं केलं होतं, आता वाचण्यातही करायचं माझ्याने झालं नाही. मी वाचलं. तुझा नकार जिरग्यापुढे वाचला. चौथ्या दिवशी तुझ्या भावाला पाणचक्कीपाशी गोळ्या घातल्या. घरात आता पुरुष नाही. काळ्या डोक्याची घरातच आहे, आजीपाशी. म्हातारी बंदूक घेऊन उंबऱ्यावर बसते.

खान उठला तो सरळ माझ्यावर आला. मी पळालो नाही, पळायला जागाच नव्हती. त्याने मला उताणा पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि सुरा गळ्याला लावला.

"मी काय सांगितलं होतं?"

"दिली."

"आणि तू काय लिहिलंस?"

"नाही दिली."

सुरा कातडीत शिरला. गरम रक्त मानेमागे ओघळलेलं मला कळलं. या वेळी त्याला धरायला कुणीही उठलं नाही, आणि मला त्यांचा राग आला नाही. त्याचा भाऊ मी मारला होता.

गवंडी तेवढा उभा राहिला. वाकडा हात छातीशी धरून म्हणाला, "काप त्याला. मग दुसऱ्या मुन्शीकडून लिहून घे. अजून उशीर झालेला नाही, जिरग्याचा निकाल तोच आहे. आता दे, इथेच संपव."

खान माझ्याकडे बघत होता. त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या गालावर पडत होतं. मग गुडघ्याचं ओझं हललं. तो उठला, गवंड्याकडे वळला आणि चाळीस पुरुषांसमोर, साध्या आवाजात, हजेरीला नाव घ्यावं तसं म्हणाला, "जरघूना. माझ्या मुलीचं नाव जरघूना. सगळ्यांनी ऐका. ती दिली नाही. हे मी सांगतोय, मुन्शी नाही."

कुणीही ते नाव पुन्हा उच्चारलं नाही. गवंड्याने मान खाली घातली आणि बाहेर निघून गेला.

आठवड्याभरात खान कराचीच्या बोटीने गेला. त्याच्या मुलखातून नंतर कुवेतला आलेल्या एका मजुराने मला सांगितलं की तो घरी पोचला, उंबऱ्यावर आईच्या जागी बसला आणि दोन वर्षं जगला. त्याला त्याच शेतात मारलं. मुलगी मात्र कुणाला दिली नव्हती. म्हातारी परत उंबऱ्यावर बसली होती.

मी केलं ते बरोबर की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. दोन माणसं माझ्या एका ओळीने मेली आणि एक मुलगी आपल्या घरात मोठी झाली. तिचं नाव मी मोठ्याने घेतो. घरात एकटा असलो की घेतो, आणि आता इथे लिहिलंही. माझ्या बहिणीचं नाव ती गेल्यापासून मी कुणासमोर घेतलेलं नाही. आता लिहावं म्हणून बसलो होतो, तरी लिहवलं नाही.