सवतीचा हंडा

मडिवाळप्पाला करंजवाडीत कुणी पूर्ण नावानं हाक मारत नसे. एवढं लांबलचक नाव घेण्याइतकी फुरसत गावाला नव्हती. तोंडावर मडप्पा म्हणत आणि माघारी 'सवतवाला' म्हणत. सवत म्हणजे व्यंकटराव पाटलांचा ट्रॅक्टर, ज्यावर मडप्पा ड्रायव्हर होता. हे नाव ठेवलं होतं त्याच्याच बायकोनं, जगदेवीनं, आणि तसं नाव ठेवायचा तिला पुरेपूर हक्क होता. बाईच्या वाट्याला यावेत तेवढे सगळे लाड या माणसानं त्या लोखंडाचे केले होते. सणासुदीला जगदेवीला लुगडं येवो न येवो, ट्रॅक्टरच्या सीटला नवी खोळ यायची.

ट्रॅक्टर तरी काय, उमरीकडच्या कुणा बागायतदारानं कंटाळून काढून टाकलेला. व्यंकटरावांनी तो स्वस्तात पाहिला आणि घेतला. पाटलांना स्वस्त म्हटलं की दुसरं काही दिसायचं नाही. बॅटरी म्हातारी, टायर गुळगुळीत, आणि रेडिएटर तर असा की ठिकठिकाणी डाग देऊनही रात्रभर थेंब थेंब गळून सकाळी कोरडा ठणठणीत. उन्हाळ्यात, पावसाळ्यात कसंबसं निभायचं. पण दिवाळी सरली आणि जळकोटच्या माळावर गारठा उतरला, की ते धूड हलायचं नाव घ्यायचं नाही. इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट व्हायचं. सेल्फ मारला की नुसतं 'घुं' म्हणून गप्प बसायचं.

मडप्पानं त्यावर एक रीत बसवली होती. पहाटे हंडाभर कढत पाणी रेडिएटरमध्ये ओतायचं. मग अंगाखांद्यावर घोंगडं घेऊन बिडी संपेपर्यंत बसायचं आणि इंजिनाला ऊब चढू द्यायची. ब्लॉकला हात लावून पाहायचा, लेकराचा ताप पाहावा तसा. मग रॉकेलमध्ये भिजवलेला काकडा पेटवून हवेच्या नळीशी धरायचा आणि सेल्फ मारायचा. दोन-तीन उचक्या, काळ्या धुराचा लोट, आणि गाडी चालू. दुसऱ्या कुणाला हे जमलं नाही. पाटलांच्या पुतण्यानं एकदा गाव गोळा करून ढकलून पाहिलं, तर चाकं नुसती फरफटत गेली.

पण या रीतीतला हंडा तापवायचा कोणी? जगदेवीनं. एवढी वर्षं, प्रत्येक हिवाळ्यात, कोंबडं आरवायच्या आधी उठून ती तुराट्या मोडून चुलीत घालायची. सरपण असायचं एका हंड्यापुरतं. त्या हंड्यातलं पाणी सवतीच्या पोटात जायचं आणि ही दात वाजवत गार पाण्यानं अंग धुवायची.

"ऊन पाणी माझ्या सवतीला आन गार पाणी मला," ती म्हणायची. "तिला बी एक डाव गार पाण्यानं घाला की आंघोळ, बघू कशी हासते."

"ती हासली न्हाई तर तुझी चूल बी हासणार न्हाई," मडप्पा म्हणायचा.

दोघंही हसायचे. हे भांडण त्यांचं लाडकं होतं. एकुलती एक लेक औरादकडं दिलेली, घरात तिसरं माणूस नाही. मग भांडायला ट्रॅक्टरच बरा.

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा करंजवाडीनं गुलाल उधळला होता. उस्मानाबाद पडायचं लांब, आता साहेबलोक हाताशी आले, आता पाणी येईल, वीज येईल, असं जो तो म्हणत होता. साहेब आले. जीपाही आल्या. पाऊस तेवढा आला नाही. संक्रांतीच्या आतच गावच्या विहिरींचा तळ दिसू लागला. मग टँकर मंजूर झाला आणि तो ओढायला व्यंकटरावांचा ट्रॅक्टर लागला. आता जगदेवीची सवत नुसती पाटलांची राहिली नाही. ती चालू झाली तर गावाला पाणी. दूरच्या तळ्याखालच्या सरकारी विहिरीवरून टाकी भरून आणायची आणि मारुतीच्या पारापाशी उभी करायची, की बायका घागरी घेऊन धावायच्या. जगदेवीला त्याचा केवढा अभिमान! रांगेत उभी राहून ती सांगायची, "माझा हंडा तापला म्हून तुमच्या घागरी भरल्या, ध्यानात ठिवा."

त्याच हिवाळ्यात ती आजारी पडली. आधी खोकला, मग ताप, मग छातीत कळ. मडप्पानं तिला एसटीनं उदगीरला नेलं, डॉक्टरनं सुया दिल्या, गोळ्या दिल्या, आणि मडप्पानं तिला परत आणलं. ताप काही हटेना. दोन दिवस मडप्पा तिच्या उशापासून हलला नाही आणि दोन दिवस टँकर गेला नाही. घागरी रिकाम्या झाल्या तसं एकेक माणूस दारात येऊन तब्येत विचारू लागलं, आणि विचारून झाल्यावरही तिथंच घुटमळू लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जगदेवीच म्हणाली, "उद्या जावा पाण्याला. लेकरं रडून राहिलीत, मला ऐकू येतंय." घरात एक हंडा पाणी शिल्लक होतं, झाकून ठेवलेलं, सवतीच्या वाटणीचं. तिकडं बघत ती पुढं म्हणाली, "पर एक करा. पाणी तापलं की आधी मला घाला. डोक्यावरनं, अंगभर. लई दिस झाले, ऊन पाणी कसं लागतं ते इसरून गेले."

"तुला घातलं तर मग मशीनला काय घालू?"

"त्ये मला नगा इचारू. ह्या डावाला मी आधी."

"हाव," मडप्पा म्हणाला. "उद्या तू आधी."

पहाटे त्यानं स्वतः चूल पेटवली. तुराट्या पेटल्या, पाण्याला आधण आलं. तो तिला उठवायला गेला. ती उठली नाही. अंगातला ताप पार गेला होता आणि अंग सकाळच्या इंजिनासारखं गार पडलं होतं.

दिवस उजाडेपर्यंत अंगण भरलं. शेजारची साखराबाई पदर तोंडात कोंबून रडत होती. औरादला माणूस धाडला. लेक यायला दुपार टळणार होती, माती त्यानंतरच. पंचाक्षरी अय्या मठातून आले. त्यांच्यात, लिंगायतांत, देह निजवून नेत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, गळ्यात लिंग ठेवून बसवतात आणि बसवलेलाच समाधीत ठेवतात. आंघोळ मात्र झालीच पाहिजे. आणि उभ्या गावात पाणी होतं ते एवढंच, चुलीवर वाफाळणारं, हंडाभर.

व्यंकटराव मडप्पाजवळ येऊन बसले. माणूस चिकट होता, पण वाईट नव्हता. खालच्या आवाजात म्हणाले, "मडप्पा, कसं बोलावं कळंना. पर ह्यो हंडा आधी गाडीत घाल. टाकी भरून आण. मग वहिनीला घाल की आंघोळ, पाहिजे तेवढ्या पाण्यानं घाल. लेक येईस्तोवर येशील."

बोलणं रास्त होतं. अंगणातल्या प्रत्येकाला ते पटलं, आणि मडप्पालाही पटलं. हंड्याविना इंजिन चालू होणार नव्हतं, इंजिनाविना पाणी येणार नव्हतं. तान्ही लेकरं घेऊन बायका कुडापाशी उभ्या होत्या. त्यांचे डोळे हंड्यावर होते.

मडप्पा उठला. फडक्यानं हंड्याचे काठ धरले, हंडा उचलला आणि दारापर्यंत आणला. समोर लिंबाखाली ट्रॅक्टर उभा होता, नेहमीसारखा, आपल्या वाटणीची वाट बघत. जन्मभर याच दारातून हा हंडा सरळ तिकडं गेला होता. तो दारात थांबला. व्यंकटरावांना वाटलं वजन झेपेना, म्हणून ते हात लावायला पुढं झाले.

"न्हाई, मालक," मडप्पा म्हणाला. "मी तिला हाव म्हणलोय."

आणि तो मागं वळला. न्हाणीत हंडा ठेवून साखराबाईला म्हणाला, "घाला. गार होयाच्या आधी घाला."

पहिला तांब्या त्यानं ओतला. तिच्या केसांतून वाफ निघाली आणि तेवढ्यात त्याला वाटून गेलं की आता ही अंग चोरेल, 'लई कढत हाय' म्हणून ओरडेल. ती ओरडली नाही. तो बाहेर आला आणि न्हाणीच्या मागं, कुणाला दिसणार नाही असा, भिंतीला टेकून उभा राहिला.

तिथं मोरीच्या तोंडाशी घमेलं ठेवलेलं होतं. दुष्काळात साऱ्या गावानं ते ठेवलं होतं. आंघोळीचं पाणी वाया जाऊ द्यायचं नाही, ढोरांना पाजायचं. आत बायका पाणी घालत होत्या आणि बाहेर घमेल्यात ते पडत होतं. घमेलं भरलं. मडप्पानं दुसरं लावलं, तेही भरलं. पाण्यात अजून ऊब होती.

तो कितीतरी वेळ त्या पाण्याकडं बघत राहिला. मग त्यानं खांद्यावरचं उपरणं दुहेरी केलं आणि पाणी गाळून घेतलं. रिकामा हंडा आणला, त्यात ते ओतलं आणि हंडा पुन्हा चुलीवर चढवला. काय चाललंय ते अंगणाला हळूहळू उमगलं.

"अगं बाई," साखराबाई म्हणाली. "मयताचं पाणी..."

सगळ्यांनी अय्यांकडं पाहिलं. ते जगदेवीच्या कपाळाला विभूती लावत होते. मान न वळवता म्हणाले, "आमच्यात सुतक न्हाई, साखराबाई. लिंग धारण केलेल्या अंगावरनं आलेलं पाणी हाय ते. वत रे मडप्पा, काय भेऊ नको."

भिंतीला पाठ लावून, मांडी घालून जगदेवीला बसवलं होतं. ओले केस विंचरलेले, कपाळभर विभूती. तिच्यासमोरूनच हंडा घेऊन मडप्पा गेला. रेडिएटरमध्ये ओतताना एक थेंब त्यानं बाहेर पडू दिला नाही. बिडी पेटवली नाही. ब्लॉकवर हात ठेवून उभा राहिला, आणि हाताखालचं लोखंड ऊन होत गेलं तसा त्याला हात काढवेना. शेवटी व्यंकटरावांनीच काकडा पेटवून धरला. एका उचकीत इंजिन चालू झालं.

वाटभर तो मागं वळून बघत होता. फुफाट्यात चाकांच्या दोन रेषांच्या मधोमध थेंबांची एक बारीक ओळ उमटत होती आणि बघता बघता वाळून जात होती. रोज गळणारंच पाणी ते, आजवर त्यानं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आज त्याला ट्रॅक्टर थांबवावासा वाटत होता, आणि थांबवला तरी ते गळायचं थांबणार नव्हतं.

विहिरीवर श्रीमंत नावाचा पंपवाला होता. त्यानं टाकीत पाइप सोडला आणि पंप चालू केला. मडप्पा खाली उतरून रेडिएटरखाली उकिडवा बसला.

"मशीन लई तापलंय, मडप्पा," श्रीमंत म्हणाला. "पाणी सपत आलं असंल. ही बादली घ्या, टाका."

"टाकतो की."

"आवं, टाका म्हणतो ना. इंजिन बसंल."

"जरा दम धर, श्रीमंता."

दोन दिवस टँकर का आला नाही हे श्रीमंतला ठाऊक होतं. त्यानं विचारलं, "वहिनीचं कसं हाय आता? उठून बसल्या का?"

मडप्पानं ओंजळ गळतीखाली धरली होती. थेंब चटका देत होते. तो म्हणाला, "बसलीय. ऊन पाण्यानं आंघोळ करून बसलीय. माझी वाट बघून राहिलीय."

"बेस झालं बगा!" श्रीमंतला मनापासून आनंद झाला. "मंग बिगी-बिगी टाका पाणी आन जावा घरी. कशाला खोळंबा करता?"

मडप्पानं ओंजळ तोंडावरून फिरवली. थेंबांचं अंतर वाढत गेलं, मग थेंब पडायचे थांबले. तो उठला, बादली उचलली, झाकण उघडलं. आतून थोडी वाफ आली आणि विरली. गावाकडं घागरी वाट बघत होत्या, ओतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. विहिरीचं गार पाणी त्यानं आत सोडलं, आणि ते बुडबुडत खाली गेलं तसा तो बॉनेटवर दोन्ही हात टेकून एवढ्या मोठ्यानं रडला, की श्रीमंतनं पळत जाऊन पंप बंद केला.