ठमीची पाव गोळी

आमचे काका औषधांच्या दुकानात चाळीस वर्षं कंपाउंडर होते, आणि हट्टी तर असे की विचारू नका. कुणी कुत्र्यासाठी खास साबण मागितला की त्यांचं डोकंच फिरायचं. "खोक्यावर कुत्र्याचं चित्र काढलं की भाव तिप्पट! हा घ्या लहान बाळांचा. मी स्वतः यानेच अंघोळ करतो." आणि खरंच करायचे! जनावराला द्यायचं ते आधी स्वतःला, हा त्यांचा नियम. घोड्याच्या जखमेसाठीचं मलम दिवसभर मनगटाला फासून बसायचे. त्या मलमाचा वास अजून माझ्या नाकात आहे.

ठमी ही काकूची मांजर. काकू गेली, तेव्हापासून काका घरात बोलायचे ते फक्त ठमीशी.

एका दुपारी ठमी तापाने फणफणली. काकांनी तापाच्या गोळीचे चार तुकडे केले, एक स्वतः गिळला, तासभर थांबले आणि दुसरा तिला चारला.

"अहो काका, जनावरांच्या डॉक्टरांना विचारू या ना!" मी म्हटलं.

"गप गं. मला काही झालं का?"

संध्याकाळी तिच्या हिरड्या मातकट पडल्या, तोंड सुजलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मांजराला ही गोळी म्हणजे विष. तिच्या शरीराला ती पचतच नाही." दोन दिवसांत ठमी गेली. ठमीची रिकामी टोपली मांडीवर घेऊन काका म्हणाले, "तुझ्या काकूला काय तोंड दाखवू गं?" मला रडू आवरेना.

या माणसाने जन्मात चूक कबूल केली नव्हती. चहात मीठ पडलं तरी "साखरच खारट निघाली" म्हणणारे! पण तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातल्या गोळ्यांच्या कपाटाच्या काचेवर टपोऱ्या अक्षरात कागद डकवला: "मांजराला तापाची गोळी देऊ नये. मी दिली होती."

मी चिडलेच. "पहिली ओळ पुरे की! स्वतःची शोभा कशाला?"

"नुसती पहिली ओळ कोण वाचतं?"

काकांना जाऊन नऊ वर्षं झाली. परवा दुकानात गेले तर सगळं नवं, चकाचक. कागद तेवढा जुनाच.

"हा नाही काढलात?" मी नव्या मालकांना विचारलं.

"काढला होता. छापील सूचना लावली. एक बाई त्या सूचनेसमोरच उभ्या राहून मांजरासाठी गोळी मागायला लागल्या. मग केराच्या डब्यातून हा काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचला, आणि मांजर घेऊन तडक डॉक्टरांकडे गेल्या."