अळीबाईंचा पाला

दुसरीच्या वर्गाच्या बाईंना सगळी गल्ली अळीबाई म्हणायची, अर्थात पाठीमागे. दरवर्षी त्या बुटांच्या खोक्याला जाळी लावून लिंबावरच्या अळ्या पाळत आणि फुलपाखरं झाली की मुलांच्या हातून खिडकीबाहेर सोडत. स्वतःचं मूल नव्हतं. तेव्हा माया जायची ती अळ्यांवर, असं बोललं जाई. गल्लीची जीभ आधीच सैल.

अडचण एकच. या अळ्यांना लिंबाचाच पाला लागतो, आणि लिंबाचं झाड वाटणीत धाकट्या जावेकडे गेलेलं. घरं भिंतीला भिंत लागून, पण झाडावरून जो अबोला धरला तो धरलाच. मग काय, धाकटी दूध आणायला बाहेर पडली की अळीबाई कुंपणावरून हात घालून पाला ओरबाडायच्या आणि शाळेत मुलांना ‘चोरी करू नये’ शिकवायला वेळेवर हजर.

यंदा अळ्या चांगल्या करंगळीएवढ्या झाल्या होत्या. मुलांनी त्यांना नावं दिली होती. मधल्या सुट्टीत डबे तसेच ठेवून पोरं खोक्याला चिकटायची. आता कोष होणार, असं बाईंनी सांगून ठेवलेलं. सोमवारी त्यांनी ताजा पाला घातला. थोड्या वेळाने अळ्या पिळवटायला लागल्या. नाचतायत म्हणून मुलं आधी हसली. मग एकेक अळी हिरवं ओकून तळाला पडली, तसं कुणी हसेना.

पहिल्या बाकावरची धाकटीची मुलगी तेवढी खोक्याकडे बघतच नव्हती. शाळा सुटल्यावर बाईंनी तिला थांबवून खोदून खोदून विचारलं. आईने काल झाडावर औषध फवारलं होतं, बादली हिनेच धरली होती. सकाळी तोच पाला खोक्यात पडताना हिने पाहिला आणि गप्प बसली.

खोकं काखोटीला मारून, पोरीचा हात धरून अळीबाई थेट धाकटीच्या दारात.

“फवारलंस तर सांगायचं होतंस.”

“आणि जाऊबाई, पाला नेताना तुम्ही विचारलं होतंत?”

दोघींचंही खरं. इतक्या वर्षांनी भांडायला तोंड उघडलं आणि भांडण दोन वाक्यांत संपलं. मग दोघी एकदमच पोरीकडे वळल्या. सगळं माहीत असून गप्प का बसलीस, म्हणून दोन्हीकडून सरबत्ती.

“काकू, तुम्हीच मारलं होतंत ना,” पोरगी म्हणाली, “इकडचं तिकडे सांगितलं म्हणून. आईनेपण.”

धाकटीने तिला दंडाला धरून आत ओढलं. आतून जो आवाज आला तो समोरच्या घरांतही ऐकू गेला. अळीबाई उंबऱ्याशीच उभ्या होत्या. मध्ये पडल्या नाहीत.

हल्ली दोघी जावा बोलतात. पाण्याचं, गॅसचं, कुणाच्या सुनेचं. पाला आता मागून मिळतो, पण वर्गातली मुलं अळ्या आणू देत नाहीत. धाकटीची मुलगी हजेरीला नुसता हात वर करते. ‘हजर’ म्हण, असं बाईंनी तिला पुष्कळदा सांगून पाहिलं.