स्लाइडवाले काका

काचेची पट्टी खिडकीच्या उजेडाकडे धरायची, डावा डोळा मिटायचा आणि हळूच म्हणायचं, "बसला रंग." तुम्ही आमच्या लॅबमध्ये कधी आला असतात, तर काका तुम्हाला असेच उभे दिसले असते. बोटांची टोकं कायम जांभळी. तीच बोटं घेऊन ते जेवायला बसत, लग्नाला जात. कोणी टोकलं तर म्हणत, "धुऊन पाहिलं ना. हा रंग आता माझ्यासंगच जाईन."

भिलाईतल्या त्या लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करायला लागले, तेव्हा मला काही कळत नव्हतं. दवाखान्यांतून डब्या येत. रोग्याच्या अंगातून काढलेला छोटासा तुकडा त्यात औषधी पाण्यात बुडवलेला असे. काका तो मेणात बसवत, यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढत, कोमट पाण्यावर तरंगवत आणि बारीक ब्रशने काचेवर उचलून घेत. मग रंग. मग ती काच डॉक्टर मॅडमच्या टेबलावर. रोग आहे की नाही ते मॅडम सांगणार. काकांचं काम तिथं संपे, निदान रीत तशी होती.

त्या तुकड्यांना ते कधी तुकडा म्हणाले नाहीत. पेशंट म्हणत. एकदा मी घाईत माझा जेवणाचा डबा त्यांच्या ट्रेवर टेकवला, तर शांतपणे म्हणाले, "पोरी, पेशंटच्या डोक्यावर डबा ठेवून राहिली का?"

एका दुपारी मॅडमनी बघून झालेली एक काच लावून त्यांनी मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. मला नुसते गुलाबी रंगात जांभळे ठिपके दिसले.

"ठिपके नाही वं, एकेक पेशी आहे. आता मधातली पाहा."

मधल्या पेशीत गडद धाग्यांचे दोन पुंजके दोन बाजूंना सरकले होते, आणि पेशी कमरेशी बारीक झाली होती.

"कणकेचा गोळा मधात दाबला का कसा होते? तसंच. एकीच्या दोन होऊन राहिल्या. तू आईच्या पोटात एवढीशी होती, तिथून एवढी झाली ते अशीच."

"मग हे चांगलंच ना, काका?"

"चांगलंच. गुडघा फुटला का पेशी अशाच वाढतात. जखम भरली का थांबतात." मग मायक्रोस्कोपकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या बाईच्या थांबून नाही राहिल्या."

त्यांनी काच काढून घेतली आणि माझ्याकडे न बघता परत कामाला लागले.

काकांचं घर भिलाईतल्याच हुडको वसाहतीत. वडील भंडाऱ्याकडून पोलाद कारखान्यात कामाला आले, ते इथलेच झाले. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच. काकू मला फार आवडायच्या. माझ्यासाठी म्हणून काकांच्या डब्यात त्या एक वेगळी पुडी ठेवत, कधी साखरेची पोळी, कधी तिळाची चटणी.

एका सोमवारी आलेल्या डब्या मी रजिस्टरात लिहून घेत होते. एका डबीवर काकांचं आडनाव होतं. बाईचं नाव मला अनोळखी वाटलं, कारण काकूंना मी कायम काकूच म्हणत आले होते. मी सहज विचारलं, "काका, हे तुमच्या नात्यातलं कोणी का?"

"घरची आहे," ते म्हणाले.

मॅडमला कळलं तेव्हा त्या स्वतः उठून आल्या. "आप रहने दीजिए. किसी और से करवा लेते हैं."

काकांनी मान हलवली. "नहीं मैडम. काप जाड आला तर तुमाले नीट दिसणार नाही." हिंदीत सुरू केलेलं वाक्य ते मराठीत संपवून बसले, आणि बंगाली मॅडमलाही ते कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंची काच केली. इतका स्वच्छ काप मी त्यानंतर पाहिला नाही. त्यांनी ती खिडकीकडे धरली, पण "बसला रंग" म्हणाले नाहीत. मग जे कधी करत नसत ते केलं. मॅडमच्या आधी स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला. खूप वेळ ते तसेच बसले होते. उठले तेव्हा खुर्ची नीट आत सरकवली आणि ट्रे मॅडमकडे नेऊन दिला.

तो रिपोर्ट मीच टाइप केला. काकांनी तो न वाचता घडी घालून खिशात ठेवला.

काकूंना छातीतली ती गाठ आठ महिन्यांपासून माहीत होती. आंघोळ करताना हाताला लागली होती. त्या बोलल्या नाहीत. दंडापर्यंत दुखायला लागलं तेव्हा काकांना सांगितलं. रायपूरला उपचार झाले. काका पहाटेच्या गाडीने त्यांना घेऊन जात आणि दुपारून येऊन काम करत. दीड वर्ष असं चाललं. मग काकू गेल्या.

तेराव्यानंतर ते कामावर आले. हात तसेच चालत, पण बोलणं कमी झालं. एकदा यंत्राची पाती पुसता पुसता म्हणाले, "आयुष्यभर मी दुसऱ्याच्या घरच्या गाठी कापल्या. माझ्या घरची मले दिसली नाही."



त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी मला एक काम सांगितलं. हुडकोतल्या मराठी बायकांचं भजन मंडळ दर गुरुवारी देवळाच्या हॉलमध्ये बसे. काकू त्यातल्या. "तू तिथं बोल," काका म्हणाले. "बायांनो, हाताले काही लागलं तर लपवू नोका, एवढंच सांग. मी पुरुष माणूस, मी कसा बोलू?"

मला भयंकर लाज वाटत होती. सोबत म्हणून मी दुर्गहून, मोहन नगरच्या आमच्या घरून, आईला घेऊन गेले. काका हॉलच्या बाहेर स्कूटरपाशी उभे राहिले. मी पाठ केलेलं पाच मिनिटांत बोलून टाकलं. पेशी कशा वाढतात, कुठे थांबतात, थांबल्या नाहीत तर काय होतं. बायका पदराशी चाळा करत खाली बघत होत्या.  मग चहा आला.

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "कोणी काही बोललं?"

मी नाही म्हटलं. ते स्कूटर चालू करून गेले.

 परतीच्या रिक्षात घर जवळ आल्यावर आई रस्त्याकडे बघत म्हणाली, "मले बी आहे एक. चार महिने झाले."

आईची डबीही आमच्याच लॅबमध्ये आली. काकांनी ती माझ्या हातून घेतली आणि मला घरी पाठवून दिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वतः मोहन नगरला आले. "आहे," दारातच त्यांनी सांगितलं, "पण लहान आहे. आता काढली तर निघून जाईन." आणि तसंच झालं. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आई बरी झाली.

काका निवृत्त झाले आणि भावाकडे, तुमसरजवळच्या गावी जायचं ठरलं. जायच्या आधी आईने त्यांना जेवायला बोलावलं. ते निवांत जेवले. आईने भात वाढला, त्यांनी घेतला. बाबांशी रेल्वेच्या गप्पा झाल्या. निघताना चपला घालता घालता ते आईला म्हणाले, "वहिनी, एक विचारू? तुमी चार महिन्यांनी तरी बोलल्या. आमची आठ महिने बोलली नाही. दवाखान्यातला माणूस घरात, तरी मले सांगतलं नाही. मी असा परका कावून वाटलो असन तिले?"

आई दाराची कडी धरून उभी राहिली.  काका थोडे थांबले, मग "येतो," म्हणून जिना उतरले.

पुढच्या वर्षी तुमसरहून त्यांच्या भावाचा फोन आला. काका झोपेतच गेले होते. मी घरी येऊन आईला सांगितलं, तेव्हा ती मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"तुझ्या बाबालेही मी सांगतलं नव्हतं," ती म्हणाली. "आपल्याले जीव लावणाऱ्यालेच सांगाले तोंड उघडत नाही, बाई. काकूचंही तसंच झालं असन. त्या दिवशी मले हे बोलता आलं नाही."

तिने मेथीची जुडी बाजूला सारली.

"बोलाले पायजे होतं मी. काका उभे होते ना वं दारात."