खड्डा बुजवू नये

मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या गावात दुसरं कुणी मॅट्रिकसुद्धा नव्हतं. त्याचा अभिमान मला आजही आहे, लपवत नाही. गावाचा कोणताही अर्ज असो, तो माझ्याच हातचा.

गावाच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाची खाण होती. तिथली खडी कालव्याच्या कामाला जायची. ठेकेदाराला परवाना देताना सरकारने अट घातली होती: दगड काढून झाला की खड्ड्याचं काय करायचं ते गावाला विचारायचं आणि तसं करून द्यायचं. त्याच सुमारास खड्ड्यात पडून एक बैल मेला. ग्रामसभेत एकच गलका झाला, "बुजवा!" मी अर्ज लिहिला. 'सदर खड्डा मुरूम टाकून तात्काळ सपाट करण्यात यावा.' सरपंचांनी सही केली, बाकीच्यांनी अंगठे उठवले.

पुढे बाहत्तरचा दुष्काळ आला. गावची विहीर आटली. आई आणि इतर बाया कोसभरावरच्या ओढ्यात वाळू उकरून वाटीवाटीने हंडा भरायच्या. अशात खाणीतला शेवटचा सुरुंग उडाला आणि दुसऱ्या दिवशी तळाला पाणी दिसलं. चार दिवसांत ते कमरेपर्यंत चढलं. आईने ओंजळभर पिऊन पाहिलं. "गोड हाय रं!"

त्याच आठवड्यात ठेकेदाराच्या मुकादमाने काठावर मुरमाचे ढीग टाकायला सुरुवात केली. मी आडवा गेलो तर हसला.

"ओ बीए, अर्ज तुमीच लिव्हलाय न्हवं? सोमवारी बुजवनार. आमाला अट पाळाया लागती."

सरपंच मला बाजूला घेऊन म्हणाले, "का रं, अंगठा माघारी घेता येतो का?"

मी रात्री नव्या अर्जाची चार पानं लिहिली आणि शनिवारी सकाळच्या एसटीने तालुक्याची कचेरी गाठली. साहेबांनी जुना अर्ज काढून पुढ्यात ठेवला.

"अक्षर तुमचंच ना?"

"हो साहेब."

"मग आता?"

मी चार पानं पुढे केली. पहिलं पान त्यांनी अर्धवट वाचलं आणि सगळी परत दिली. "गावाला काय पाहिजे तेवढंच लिहा."

उभ्या उभ्या लिहिलं, 'खड्डा बुजवू नये. त्यात पिण्याचं पाणी लागलं आहे.'

"आणि बैल पुन्हा पडला तर?"

मी खाली जोडलं, 'भोवती दगडी कठडा आणि उतरायला पायऱ्या कराव्यात.'

साहेब म्हणाले, "हे बघा, अट खड्डा बुजवण्याची नाही, गावाला विचारण्याची आहे. सोमवारनंतर आला असता तर मात्र माझ्या हातात काही नव्हतं." त्यांनी खाली हुकूम लिहिला, शिक्का मारला.

एसटीतून उतरलो तो थेट खाणीवर. मुकादमाला हुकूम वाचून दाखवला. वाटलं, चिडेल. त्याने डोक्यावरचं मुंडासं काढून तोंड पुसलं. "लई बेस झालं. माजी बायकू बी हितलंच पानी नेती. म्हनलं, सोमवारी घरात कसं जावं?"

पायऱ्या महिनाभरात झाल्या. आई पहिला हंडा भरून वर आली, तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आता काय लिव्हायचं झालं तर आदी बायांना इचारीत जा."

तेव्हापासून विचारत आलो आहे.